अंडीवालीची कणकण

सकाळपासून वारा असा सुटला होता की शिंपिणीच्या मशीनवर धुळीचा थर बसत होता. पांढऱ्या सदऱ्याची बाही जोडावी, फुंकर मारावी, पुन्हा जोडावी. शेवटी वैतागून तिने मशीनवर चादर टाकली, पिशवीत बायबल घातलं आणि सायकल काढली. गुरुवार होता. गुरुवारी दुपारी शिंपीण कालव्यापलीकडे अंडीवाल्या मावशीला शिकवायला जाते, हे गावाला ठाऊक होतं. आणि गावाला ते ठाऊक आहे, हे शिंपिणीलाही ठाऊक होतं. सायकलची घंटी ती गरजेपेक्षा जरा जास्तच वाजवायची.

मावशीने कालव्यात बाप्तिस्मा घेतला, त्याच दिवशी काठावर उभं राहून चर्चचे पाळक म्हणाले होते, "पाण्यातून वर काढलं आणि वाऱ्यावर सोडलं, असं करायचं नाही हं. नव्या माणसाला हात धरून चालवावं लागतं. मावशीकडे कोण बघेल?"

शिंपिणीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. ती जन्मापासून मंडळीतली, वचनं तोंडपाठ, गळाही गोड. दुसरं कोण बघणार?

मावशी एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, भिंतीला भिंत लावून दीर राहायचा, पण त्याचा आधार कमी आणि टोमणे जास्त. घरामागे कोंबड्यांची खुराडी, त्यावरच पोट. वाचायला बसली की बोट अक्षरावर ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द दाताखाली चावून मग पुढे जायची. आणि प्रश्न तरी कसले!

"ताई, प्रभूने कोंबडीच्या पंखाखालच्या पिल्लांचं सांगितलंय. म्हणजे त्यांच्या घरी कोंबड्या असणार, नाही का?"

"असं काही लिहिलेलं नाही, मावशी. पुढे वाचा."

"लिहिलं नसेल. पण पाळल्याशिवाय हे सुचत नाही माणसाला."

शिंपीण हसायची आणि नाकाला रुमाल लावायची. अंगणात शिटेचा वास भरलेला असायचा. आत काळोखात बसवत नाही असं सांगून ती उंबऱ्यावरच बसायची, वाऱ्याच्या तोंडाशी.

मागच्याच खेपेला मावशीने विचारलं होतं, "ताई, दीर म्हणतो, देव बदललास, आता बघ काय होतं ते. काही होईल का हो?"

शिंपिणीला घरी जायची घाई होती. पिशवी खांद्याला लावता लावता ती बोलून गेली, "काही होत नाही, मावशी. त्याच्यावर सोपवलंत ना? मग तुमच्या कोंबडीचं पीसही गळणार नाही."

मावशीचा चेहरा असा उजळला, की ते बोलणं मागे घ्यायची सोयच उरली नाही.

तर त्या वाऱ्याच्या गुरुवारी ती गिरणीपाशी आली. गिरणीवाला दारात पिठाने पांढरा होऊन उभा होता, सोबत दोनचार रिकामटेकडे.

"काय ताई, चेलीकडे निघालात? जा, जा. खुराडीच्या खुराडी आडवी झालीत म्हणे. कोंबड्यांना मानमोडीचा रोग आलाय. विचारा जरा तुमच्या प्रभूला, झोपला होता का म्हणून!"

सगळे फिदीफिदी हसले. शिंपिणीचं तोंड लाल झालं. तिने जोरात पायडल मारलं.

कालव्याच्या वळणावर बाभळी आहेत. तिथून मावशीचं अंगण दिसतं. मावशी खड्डा खणत होती. वाळून दगड झालेली जमीन, कुदळ नुसती उडत होती. बाजूला टोपल्यांत मेलेल्या कोंबड्या, माना मुरडलेल्या, पिसं वाऱ्याने अंगणभर पांगलेली. दीर ओट्यावर बसून दात कोरत होता आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होता, "बोलव की तुझ्या मंडळीवाल्यांना! गाणी म्हणायला येतात, मग खड्डा खणायला का येत नाहीत?"

मावशीने कुदळ टेकवली. एक हात कमरेवर ठेवून ती सरळ झाली, घाम पुसला आणि रस्त्याकडे बघितलं.

आणि शिंपिणीने सायकल वळवली.

का वळवली, हे तिने स्वतःला वाटभर समजावलं. सदरा आजच द्यायचाय. मेलेल्या पक्ष्यांचा रोग अंगाला लागायचा. अशा वेळी माणसाला एकटं राहू द्यावं. पण खरं कारण वेगळंच होतं. त्या पिसांकडे बघून आपण काय बोलणार?

पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी मावशीची जागा रिकामी बघून पाळकांनी विचारलं, "मावशी दिसत नाहीत?"

"त्यांना जरा बरं नाही," शिंपीण म्हणाली. "मी जाऊन येते ना."

जीभ कशी वळली, तिचं तिलाच कळलं नाही. पुढच्या रविवारी तेच उत्तर पुन्हा दिलं, तेव्हा मात्र ती अडखळलीही नाही.

मग एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर मावशी आली. डोक्याला धुतलेलं फडकं बांधलेलं, खड्ड्यात टाकलेल्या चुन्याने हातांना भेगा पडलेल्या. मागच्या बाकावर बसली. शेवटची प्रार्थना झाल्यावर पाळक सगळ्यांसमोर मोठ्या प्रेमाने म्हणाले, "या मावशी! तब्येत कशी आहे आता?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" मावशी हसत म्हणाली.

"अहो, ताई सांगत होत्या, तुम्हाला बरं नाही. येऊन जायच्या ना त्या तुमच्याकडे?"

शिंपीण हातातल्या बायबलची पानं उगाच चाळायला लागली. मावशीने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. मुका प्राणी सुटायची धडपड करताना दिसला की माणूस बघतं, तसं बघितलं.

"हां, हां," मावशी म्हणाली. "जरा कणकण होती. ताई यायच्या ना. नेमाने यायच्या."

पाळकांचा चेहरा खुलला. "बघा! नव्या विश्वासी माणसाला सांभाळावं तर असं." बायाबापड्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी शिंपिणीच्या खांद्यावर थोपटलं. तिला वाटलं, त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. आत्ता उठावं, सांगून टाकावं, असं मनात आलं. पण ती बसून राहिली. सगळे उठेपर्यंत बसून राहिली.

घरी घास उतरेना. ताट सारून ती भर उन्हात निघाली. घंटी वाजवली नाही. मावशी रिकाम्या खुराड्याला टेकून बसली होती. एकच कोंबडी वाचलेली, ती तिच्या पायापाशी माती उकरत होती.

"मावशी, मी त्या दिवशी आले होते," शिंपीण उभ्यानेच म्हणाली. "बाभळीपाशी."

"बघितलं मी."

"मग माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"मग काय करू? चारचौघांत तुमची मान खाली घालायला लावू?" मावशी म्हणाली. "माझी रोज खाली जाते. मला ठाऊक आहे कसं वाटतं ते."

शिंपिणीला रडू फुटलं. मावशीने तिला रडू दिलं. उगी उगी केलं नाही.

"एक विचारायचं होतं," तिचं रडू ओसरल्यावर मावशी म्हणाली. "प्रभूच्या घरात उभी राहून मी खोटं बोलले. आता त्याचं काय करायचं? ते तुम्ही अजून शिकवलं नाही मला."

इतके दिवस शिकवून बाईच्या पदरात आपण काय टाकलं, ते शिंपिणीला तेव्हा लख्ख दिसलं. पहिलं खोटं ती आपल्यामुळे शिकली. तेही माया करताना.

"उठा," ती म्हणाली. "पाळकांकडे जाऊ. आधी मी बोलते."

पाळक जेवून लवंडले होते. शिंपिणीने सगळं सांगितलं. गिरणी, खड्डा, सायकल, दोन रविवार. आणि पीस गळणार नाही म्हणून दिलेला शब्दही. सांगताना तिने जमिनीवरची नजर उचलली नाही. वाटलं, आता पाळक झापतील. पण ते उठून बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.

"बरं नाही म्हणून कळलं होतं मला," शेवटी ते म्हणाले. "कालवा काही समुद्र नव्हे. मीही आलो नाही, मावशी."

मावशी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "देवाने कोंबड्या का नेल्या, ते सांगता येईल का तुम्हाला?"

"नाही," पाळक म्हणाले.

"तुम्हाला, ताई?"

"नाही, मावशी. आणि पीस गळणार नाही, असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. ते माझ्या मनचं होतं."

"हे आधी सांगायचं होतंत," मावशी म्हणाली. "मी तेच धरून बसले होते. खणताना सारखं वाटायचं, माझंच कुठेतरी चुकलं असणार."

परत जाताना वाटेत मावशीने सांगून टाकलं, "या गुरुवारी मी येते तुमच्याकडे. तुमच्या घरी."

"कशाला तंगडतोड करता? मी येते ना."

"तुमचं घर कोणत्या गल्लीत आहे, तेही मला माहीत नाही, ताई. विचारत विचारत येईन."

शिंपीण वाटेतच थांबली. खरंच की. इतक्या गुरुवारांत कधी तोंडदेखलंसुद्धा म्हटलं नव्हतं, या एकदा घरी. "नाही, मीच येते सकाळी," ती म्हणाली. "खुराडी धुऊ. मग दोघी मिळून जाऊ माझ्याकडे."

गुरुवारी सकाळी तिने बाह्या सारल्या आणि खुरपं घेतलं. वाळलेली शीट खरवडताना उमासे येत होते, ते गिळत राहिली. दिराने ओट्यावरून विचारलं, "आज गाणी नाहीत वाटतं?" मावशीने त्याच्यासमोर बादली आदळली, "पाणी आणून दे, मग म्हणू गाणी." तो काही उठला नाही, नुसता दात कोरत राहिला.

दुपारी दोघी शिंपिणीच्या पुढच्या खोलीत बसल्या. गिऱ्हाइकांची खुर्ची मावशीला दिली. मावशी बोट ठेवून वाचत होती. तेवढ्यात गावातल्या शाळामास्तरांची बायको झगा न्यायला आली. दारातच थबकली, नाक मुरडलं.

"शी! कसला वास येतोय गं इथे?"

मावशीचं बोट अक्षरावर थांबलं. शिंपिणीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सवयीने हात रुमालाकडे गेला, तो तिने मांडीवर दाबून धरला.

"कोंबड्यांचा," ती म्हणाली. "आम्ही दोघी सकाळी खुराडी धुऊन आलोय. झगा तयार आहे, पण जरा बसा. यांचं वाचन चाललंय, ते होऊ दे."

मास्तरांच्या बायकोला बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती दाराला टेकून उभी राहिली. शिंपिणीचे कान अजून जळत होते. मावशीने घसा खाकरला, आणि जिथे अडली होती त्याच शब्दापासून पुन्हा वाचायला लागली, जरा मोठ्याने.