येथे दम घेऊ नये

"आता श्वास घ्यायलाही साहेबांची परवानगी काढायची," काका माझ्या कानाशी पुटपुटले आणि ओल्या चादरींची गाडी माझ्या पायावर यायच्या आत थांबवली.

मी मान वर केली. बोळाच्या दारावर नवीन पाटी. पांढऱ्यावर लाल अक्षरं, रंग अजून ओला: 'येथे दम घेऊ नये.'

"अहो, सिगारेटबद्दल आहे ते."

"मग तसं लिहावं. मी लिहिलेलं वाचतो. लिहिणाऱ्याच्या पोटातलं वाचायला मी काय डॉक्टर आहे?"

पाटीची जन्मकथा दुपारपर्यंत सगळ्या लॉन्ड्रीला पाठ झाली. छपराखालच्या कामाच्या जागी ओढायला बंदी, असा नियम वरून आला होता. रंगाऱ्यानं विचारलं, काय लिहू? धुलाईच्या ड्रमवर काम करणारा आमचा दादा म्हणाला, "लिही की, इथे दम मारू नये. सगळ्यांना कळेल." पण मॅनेजरसाहेबांना 'मारू' हा शब्द चारचौघांत शोभेना. त्यांनी 'मारू' काढून 'घेऊ' घालायला लावलं. भाषा सभ्य झाली, अर्थाचा मुडदा पडला.

आमच्याकडे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुवायला येतात. एका खोलीत ड्रम घुमतात, दुसरीत गरम रोलरचा प्रेस, त्याच्यापुढे माझं घड्या घालायचं टेबल. प्रेस आणि बॉयलरची खोली यांच्यामध्ये तो बोळ. वर पत्रा, टोकाला कायमचं बंद फाटक, हवेला आत यायला वाव नाही आणि धुराला बाहेर जायला घाई नाही. ओढणारे तिथे जमायचे. वाटेल तेव्हा जायचे, दोन झुरके घ्यायचे, तितक्यात चार जणांची टिंगल करायचे आणि टवटवीत होऊन परत यायचे. त्यांना कोणी काही म्हणत नसे, कारण ती त्यांची गरज. आम्हा न ओढणाऱ्यांना मात्र गरजच नव्हती. एकदा माझ्या कमरेनं संप पुकारला म्हणून मी बोळात नुसती भिंतीला टेकले, तर साहेब हजर.

"मावशी, तुम्ही ओढता?"

"छे हो!"

"मग?"

व्यसन नसलेल्या बाईनं कशाच्या जोरावर टेकायचं?

काका म्हणजे बॉयलरवाले काका. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. कुणाच्या घरी आजारपण आलं तर नातेवाइकांच्या आधी हे पोचलेले. त्यांची मुलगी प्रेसवर. लहानपणी सारखी चिवचिव करायची म्हणून ते तिला चिमणी म्हणायचे, आता सगळेच म्हणतात. धूर बाप सोडतो आणि चिमणी म्हणतात मुलीला, हा आमच्याकडचा शिळा विनोद. काका स्वतःच तो नव्या माणसाला सांगून हसायचे. आणि हसून झाल्यावर न चुकता म्हणायचे, "पण घरात एकही ओढत नाही हं मी. घरात लेक आहे."

खरं होतं ते. सगळी हौस ते बोळात फेडायचे. आणि बोळाचं दार उघडायचं ते थेट चिमणीच्या खांद्याशी.

हल्ली तिला धाप लागायची. चादर रोलरला लावता लावता मध्येच थांबायची आणि छातीतून बारीक शीळ ऐकू यायची. "कापसाची धूळ," ती म्हणायची. "कापसाचीच," दादा म्हणायचा. "धूळ फार झालीय बाई यंदा," मी म्हणायचे. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या गरीब कापसाला बदनाम करून टाकलं होतं.

पाटी लागली त्याच दिवशी, चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "मावशी, महिनाअखेरीला सोडते मी."

"काय सोडतेस?"

"काम. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर छाती साथ देणार नाही."

या पोरीच्या हाताला प्रेस कळतो. सुरकुती रोलरखाली जायच्या आधी तिच्या बोटांना लागते. येणाऱ्या नव्या प्रेसवर तिलाच उभं करायचं, असं मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, तेव्हा ही दिवसभर गुणगुणत होती.

"अगं, नुसत्या पाटीला ते जुमानायचे नाहीत, मग तूच बाबांना सांग ना!"

"काय सांगू? आई गेल्यावर त्या माणसानं स्वतःसाठी ठेवलंय काय? एवढी एक सिगारेट. तीही माझ्यासाठी घरात ओढत नाहीत. आणि मीच म्हणू, तुमच्यामुळे झालं?"

"तुला जमत नसेल तर मी सांगते."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घातल्यावर काय करणार? कोपऱ्याला कोपरा लावला आणि चादर दुमडली.

जेवणानंतर साहेब बोळाच्या दारात येऊन उभे राहिले. "पाटी वाचलीत ना सगळ्यांनी? यापुढे बोळात कोणी दिसता कामा नये. ओढणं बंद, म्हणजे मधली सुट्टीही बंद. आता फक्त जेवणाची."

म्हणजे धूर गेला तो गेला, बरोबर टेकायची सोयही गेली. काकांनी हात पुसले.

"साहेब, पाटी पाळायची ना?"

"अर्थात."

"अक्षर न् अक्षर?"

"अक्षर न् अक्षर!"

"मग ठीक." काकांनी बॉयलर बंद केला, वाफ नीट उतरवली, दादाला ड्रम थांबवायला सांगितलं आणि त्यांच्या त्या आवाजात हाळी दिली, "चला रे! चला गं पोरींनो! इथे दम घ्यायला मनाई आहे. बाहेर जाऊन घेऊ!"

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग दादा खो खो हसत सुटला आणि आम्ही निघालो. ओढणारे निघाले, न ओढणारे निघाले, गुडघे दुखणाऱ्या दोघी एकमेकींना धरून निघाल्या. पुढच्या अंगणात, जिथे माल नेणाऱ्या गाड्या उभ्या असतात, तिथे सगळे पसरलो. ऊन होतं, वारा होता. या अंगणातून मी वर्षानुवर्षं खाली मान घालून आत गेले आणि बाहेर आले. त्याला एवढं मोठं आभाळ आहे हे पाहिलंच नव्हतं. मी गाडीला पाठ टेकली. कोणी 'मग?' म्हणायच्या आत डोळेही मिटून घेतले. चिमणी गाडीच्या पायरीवर बसली.

साहेब धावत आले. "अरे, चाललंय काय? मावशी, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर ओढत नाही!"

"ओढत नाही साहेब," मी डोळे न उघडता म्हटलं, "पण दम घेते. लहानपणापासूनची सवय आहे, सुटत नाही."

असा हशा उठला की फाटकाबाहेरून जाणारी माणसं थांबली. काका तर छाती फुगवून मोठमोठ्यानं श्वास घेऊ लागले, दादानं सूर धरला, आणि त्या गुडघेवाल्या दोघींनी ताल. तेवढ्यात मालकीणबाईंची गाडी आत शिरली.

त्यांनी आधी आम्हाला पाहिलं, मग साहेबांना, मग आत जाऊन पाटी. बाहेर आल्या त्या पदर तोंडाला लावूनच. हसू आवरायला त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"शब्द जरा सभ्य असावा म्हणून..."

"ती आधी उतरवा. आणि ऐका सगळे. मधली सुट्टी राहील. ओढणाऱ्यांची नाही, सगळ्यांची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, इथे अंगणात. साहेब, तुम्हीपण यायचं."

काय ओरडलो आम्ही! दादानं काकांना चादरींच्या गठ्ठ्यासारखं उचललं. गुडघेवालीनं मला मिठी मारली. ज्या विश्रांतीसाठी आजवर फुप्फुसं जाळावी लागायची, ती आता फुकट मिळाली होती, आणि ती मिळवली होती काकांनी.

खाली उतरल्यावर त्यांनी सदरा सारखा केला. "बाईसाहेब, आणि बोळ?"

"बोळाला छप्पर आहे, काका. नियम मला पाळावा लागेल."

"नियम पाळा, पण ऐकूनही घ्या. आज बोळात बंदी, उद्या या अंगणात, परवा म्हणाल डब्यात काय आणलंय ते दाखवा. आम्ही काम विकतो, स्वतःला नाही विकत. न विचारता माणसाच्या श्वासावर पाटी लावता कशी?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न विचारता लावलेली पाटी मलाही बोचलीच होती.

मालकीणबाईंनी मान डोलावली. "विचारायला हवं होतं, चुकलंच. आता विचारते. बोळात कोणी ओढू नये, असं तुमच्यापैकी कुणाला वाटतं का? हात वर करा."

सगळे आपापल्या चपला बघू लागले. ज्या माणसानं आत्ताच आम्हाला आभाळ मिळवून दिलं, त्याच्यासमोर हात कोण वर करणार? दादानं हात खिशात घातले. माझा हात शपथेनं कमरेवरच अडकला होता. मी चिमणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते हात वर केल्यासारखंच झालं असतं.

काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, जिंकलेल्या माणसाची.

"बघितलंत, बाईसाहेब? एकाचीही तक्रार नाही. माझी छाती, माझा धूर. यात कुणाच्या बापाचं काय जातं?"

"बापाचं काही जात नाही, बाबा."

चिमणी पायरीवरून उठली होती. हात सरळ वर. मोकळ्या हवेत बसून तिची धाप ओसरली होती, आणि आवाज असा आला की काकांचीच लेक.

"लेकीचं जातं. तो कापूस नव्हता, बाबा. तुमचा धूर होता. तुम्ही खुशाल ओढा, तुमचा हक्क आहे. पण बोळात नाही. तिथे मी उभी असते, आणि मी माझा प्रेस सोडणार नाही."