पाच मिलिमीटरपर्यंत

खुब्याच्या ऑपरेशनपासून आत्याची बांधणीची खोली बंद होती. घराच्या मागे, तीन पायऱ्या उतरून ती खोली. लोकांची फाटकी पुस्तकं आत्या तिथेच बांधत आलेली. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं, पण पायऱ्यांना कठडा नव्हता आणि कुणाचा हात धरायला आत्या तयार नव्हती. "हात धरून शाळेत जातात, कामावर नाही," ती म्हणायची.

बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, खोली भाड्याने द्यायचं बोलून दाखवलं. त्याच संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "तुझं ते ठिणग्यांचं खेळणं काही कामाचं आहे का गं?"

खेळणं म्हणजे माझं घरगुती वेल्डिंग मशीन. हातातल्या मुठीचा घोडा दाबला की आतलं रीळ फिरतं, तार आपोआप पुढे येते आणि टोकाशी वितळत जाते. घरातल्या साध्या प्लगवर चालतं. बाजूला लिहिलंय: पोलाद, पाच मिलिमीटरपर्यंत. पदार्थविज्ञान शिकूनही मी ती ओळ भाजीवाल्याने सांगितलेल्या दरासारखी, घासाघीस चालेल अशी वाचली होती. पाच म्हणतात म्हणजे सात-आठ तरी जमत असेल.

पायऱ्यांना कठडा करायचं ठरवलं: दोन उभे पाइप, वर एक आडवा, आणि तळाला बोल्टने पायरीत बसवायच्या प्लेटा. आत्याचा सगळा भार शेवटी तळाशी येणार, म्हणून प्लेटा चांगल्या दहा मिलिमीटर जाडीच्या आणल्या. करंट पूर्ण लावला तर पातळ पाइपाला भोक पडलं. थोडा उतरवला, आणि जोड इतका सुरेख आला की वर जमलेली काळी मळी ब्रशने झाडून मी त्याचा फोटो काढला.

आत्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "छान दिसतंय. आता वाकव."

"वाकवू?"

"मी पुस्तक बांधलं की मधोमध उघडून उलटं वाकवते. उसवायचं असेल तर माझ्या हातात उसवू दे, गिऱ्हाइकाच्या नको."

"अगं, हे लोखंड आहे."

"मग घाबरतेस कशाला?"

प्लेट व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, पाइप आडवा राहील अशी आवळली आणि पाइपाच्या टोकाला लोंबकळले. टक्. एवढासाच आवाज. मी पाइपासकट जमिनीवर.

"लागलं?"

"नाही."

"मग हसू का?"

"हस."

ती हसली, पण मग तिची नजर पायऱ्यांकडे गेली आणि हसू तिथेच थांबलं.

मी प्लेट उजेडात धरली. जोडाच्या जागी तिचा पृष्ठभाग जवळजवळ जसाच्या तसा होता. वितळलेली तार वर नुसती बसली होती, फरशीवर सांडलेलं मेण बसतं तशी. जाड प्लेट उष्णता गिळत गेली आणि तिचं पोट भरेल एवढी उष्णता माझ्या मशीनकडे नव्हतीच. पाइप वितळला, प्लेट नाही.

"म्हणजे कुचकामी?" आत्याने विचारलं. शब्द थट्टेचे होते, आवाज नव्हता.

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्यांचे तुकडे जोडले आणि एकेक व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवला. तीनची पट्टी दुमडली, जोड हलला नाही. चारचंही तसंच. पाचचा जोड आधी कडा तिरप्या तासल्या तर टिकला, नाहीतर तडकला. त्यापुढे सगळं टक्. मग पाइप चारच्या प्लेटवर जोडून पाहिला. पाइप वाकडा झाला, जोड जागचा ढळला नाही. तेवढ्यात मशीन आपलं आपणच बंद पडलं.

"मोडलंस?"

"तापलंय. थोडं काम, मग बरीच विश्रांती, असंच चालतं ते."

"माझ्या डॉक्टरांनी बनवलेलं दिसतंय."

मग कठडा मशीनच्या बेताने आखला. प्लेटा चारच्याच, पण रुंद, आणि प्रत्येकीला चार बोल्ट. मध्ये एक जास्तीचा खांब, म्हणजे एकेका जोडावरचा भार कमी. कठडा बसवल्यावर आधी मी लोंबकळले, मग बाबांना बोलावलं. ते माझ्या दीडपट.

"हे काय खूळ?" बाबा म्हणाले.

"लटक रे," आत्या म्हणाली. "भावाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे."

बाबा लटकले. काही वाजलं नाही. त्यांनी कठडा हलवून पाहिला, मग बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोलीतला दिवा लागतो का बघतो."

आत्या उतरली. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते. खाली पोचल्यावर तिने वळून कठड्याला एक जोरदार हिसका दिला आणि आत गेली.

थोड्या वेळाने हाक आली. "अगं, माझ्या प्रेसच्या पायाला चीर गेलीय. जोडून देतेस?"

पुस्तकं दाबायची ती प्रेस बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती, पाय अंगठ्याएवढा जाड. बीड तापून निवताना जोडाशेजारीच पुन्हा तडकतं.

"हे माझ्या मशीनचं काम नाही, आत्या."

"बरं. ज्याचं असेल त्याला बोलाव," ती म्हणाली. मग पायाखाली लाकडाची पाचर सारून तिने कपाटातून एक फाटकं पुस्तक काढलं.