सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा यावं. आवाज तिथवर पोचेल हो, पण गोष्ट जवळून ऐकायची आहे. आज एका ज्ञानी पुरुषाची कथा सांगायची आहे. ज्ञान कसं, तर ओसंडून वाहणारं. इतकं ओसंडलं की भांड्यात मागे थेंब उरला नाही.

एका न्यायालयाच्या नक्कल विभागात ताई काम करायच्या. न्यायाधीशसाहेबांचा आदेश टंकायचा, छापायचा, सही घ्यायची आणि पुढे धाडायचा, हे काम सव्वीस वर्षं चाललेलं. खोलीत तीन टेबलं, एक खिडकी आणि दाराबाहेर लोकांच्या बसण्याने गुळगुळीत झालेलं बाक. संगणकांवर लिनक्स होतं. मोठ्या मनाच्या माणसांनी केलेली प्रणाली ती. कुणीही आत डोकवावं, शिकावं, सुधारावं, कुणाला आडकाठी नाही. आणि अशा उदार घराला राखणदार मिळाला कोण? ब्रह्मज्ञानी!

हे नाव विभागातल्या शिपाईदादांनी ठेवलेलं. मुख्य कार्यालयातून आलेला हा तंत्रज्ञ खुर्चीत बसायचा नाही, विराजमान व्हायचा. काही विचारलं की आधी डोळे मिटायचा, मग उसासा टाकायचा आणि मग म्हणायचा, "तुम्हाला सांगून कळणार नाही." अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणारे पुष्कळ असतात. या गड्याने हळकुंड नुसतं लांबून पाहिलं होतं.

एके दिवशी सकाळी साहेबांनी एका तरुणाच्या सुटकेचा आदेश सांगितला. ताईंनी तो अकरा पानांत टंकून 'आदेश' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. साडेचारला सही, पाचच्या आत कागद तुरुंगाच्या फाटकावर. पाचला फाटक बंद झालं की पुढे तीन दिवस सुट्टी, म्हणजे पोरगा तीन दिवस आतच. त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मुलाचा धुतलेला सदरा.

दुपारी ब्रह्मज्ञानी अवतरला. "सुरक्षा वाढवायची आहे," म्हणाला. जुने दोन प्रिंटर पोत्यात घालून त्याने खाली पाठवले, नवा बसवला, तासभर कळफलक बडवला. मग चाचणीचं एक पान छापून ताईंच्या टेबलावर असं ठेवलं, जसं काही प्रसादच देतोय.

"चालू झालाय. आता हात लावून बिघडवू नका."

तीन वाजता ताई आदेश उघडायला गेल्या. पडद्यावर अक्षरं आली, 'परवानगी नाही'. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. म्हणून एक साधं कोरं पत्र छापायला पाठवलं, तर प्रिंटरने तेही नाकारलं.

ब्रह्मज्ञान्याला हाक गेली. तो चहाचा पेला घेऊनच आला.

"ताई, हाताला सवय नाही तुमच्या. हळू दाबा."

"हळूच दाबलं हो."

"मग जोरात दाबलं असेल."

शिपाईदादा दारातून म्हणाले, "साहेब, मंत्र म्हणून दाबलं तर?"

ब्रह्मज्ञान्याने आधी तारेला दोष दिला. तार बदलली. मग कागदाला दिला. कागद दमट आहे म्हणे. दादांनी नवा गठ्ठा फोडला. मग संगणक तीनदा बंद करून चालू केला. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण झालं, ओसरी झाली, शेजाऱ्याची भिंतसुद्धा वाकडी ठरली. घड्याळात चार वाजले. बाहेरची आई उठून दाराशी आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. ताईंना तिच्याकडे बघवेना.

"बरं, मीच छापून देतो," ब्रह्मज्ञानी म्हणाला. आपल्या खात्यातून शिरला, आदेश उघडला आणि बटण दाबलं. अकरा पानं सुळसुळत बाहेर!

"बघितलंत? माझ्याकडून तर चालतं."

ताईंनी पान उचललं. तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव येतं; तिथे 'प्रशासक' आलं होतं.

"हे फाटकावर घेणार नाहीत. तिथला कारकून तळाचं नाव बघतो. नक्कल विभागाचं नसेल, तर कागद परत."

"मूर्ख नियम आहे."

"असेल. पण खोट्या आदेशावर एकदा भलताच माणूस सुटला, तेव्हापासून आहे."

आणि ते पान हातात असतानाच ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पान निघालं, म्हणजे यंत्र ठीक, तार ठीक, कागदही कोरडा. तीच फाइल, तोच प्रिंटर; याला उघडतं आणि मला नाही. मग वाटेत आडवं कोण पडलंय?

पण ब्रह्मज्ञानी आता इरेला पेटला होता. "थांबा, सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करून टाकतो. एका ओळीचं काम!"

ताईंनी त्याचा हात कळफलकावरून बाजूला केला. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाचा हात असा धरला नव्हता.

"त्या फोल्डरमध्ये लहान लेकरांचे गोपनीय खटले आहेत. तुम्हाला दार उघडता येत नाही म्हणून भिंत पाडणार का? कुलूप काढायचं नसतं. ज्याचं काम आहे त्याला किल्ली द्यायची असते."

त्यांनी खण उघडला आणि एक वही काढली. ब्रह्मज्ञान्याच्या आधी इथे एक म्हातारे तंत्रज्ञ होते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं हळू. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवण्यात फार वेळ घालवतात, म्हणून वरच्यांनी त्यांना काढून टाकलं. जाण्याआधी त्यांनी ताईंना एक पान लिहून दिलं होतं: 'फाइल अडली तर घाबरू नका, तिला विचारा. मालक कोण? गट कुठला? बाकीच्यांना मुभा काय?' आणि खाली संगणकाला हे विचारायची आज्ञा, ठळक अक्षरांत.

ताईंनी एकेक अक्षर बघत ती टंकली. उत्तर आलं. फोल्डर वापरणाऱ्यांच्या एका नव्या गटाच्या ताब्यात गेलं होतं. बाकीच्यांना काहीच मुभा नाही. मग त्यांनी त्या गटाची यादी मागवली. यादीत नाव एकच. ब्रह्मज्ञान्याचं! प्रिंटरही त्याच गटापुरता बांधलेला.

दादा खोकले.

"म्हणजे साहेब, तुम्ही सगळ्यांना बाहेर ठेवून आतून कडी लावलीत, आणि आत आपण आहोत हे बघून म्हणालात, दार उघडं आहे?"

ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या, त्याला कुठलं दार बंद आहे ते कसं कळावं, बापहो? त्याला सगळी दारं उघडीच लागतात.

"माझं नाव त्या गटात घाला," ताई म्हणाल्या. "परवलीचा शब्द तुम्हालाच ठाऊक आहे."

त्याने घातलं. ताईंनी आदेश उघडायला घेतला. 'परवानगी नाही'. ब्रह्मज्ञान्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. दुसऱ्याचं चुकल्याशिवाय त्याला आनंद होत नसे. "सांगत होतो ना! हाताचाच दोष."

पण मास्तरांच्या पानावर शेवटची ओळ होती: 'गटात नाव घातलं की बाहेर पडून पुन्हा आत या. आत बसलेल्याला नवी ओळख मिळत नाही.' ताई खात्यातून बाहेर पडल्या, पुन्हा आत आल्या. आदेश उघडला. पानं निघाली. तळाशी नाव नक्कल विभागाचं.

चार अडतीसला सही झाली. दादांनी सायकल अशी हाणली की पायजम्याची कड साखळीत फाटली. पाचला दोन मिनिटं असताना फाटकावरच्या कारकुनाने कागद उलटला, तळ पाहिला आणि शिक्का मारला. आई मागून चालत पोचली, तेव्हा पोरगा फाटकाबाहेर उभा होता. त्याने सदरा तिथेच बदलला.

आणि ब्रह्मज्ञानी? त्याने अहवाल लिहिला. 'वापरणाऱ्यांची चूक. मार्गदर्शन करून निवारण केले.' पडला तरी नाक वर! असू दे. देव त्यालाही सुबुद्धी देवो. देवाकडे वेळ पुष्कळ आहे, आपल्याकडे नाही.

त्याला विसरलात तरी चालेल. पण उद्या कुणी अडलेला माणूस तुमच्या दाराशी येईल, आणि तुमच्या तोंडी येईल, 'तुम्हाला सांगून कळणार नाही.' तेव्हा क्षणभर थांबा. दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातून वाकून, ठळक अक्षरांत एक पान लिहिणाऱ्या त्या मास्तरांची आठवण काढा. त्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. निदान आठवण तरी काढा.