मथुराबाईंचं गोपूर आणि मी

मी रिंग. फोनची नव्हे, भरतकामाची. लाकडाची दोन कडी, एकात एक बसणारी, वर पितळेचा स्क्रू. मध्ये कापड ताणून धरायचं, एवढंच माझं काम. स्वस्थता माझ्या नशिबी नाही, कारण मी जिच्या हाती पडले तिलाही ती ठाऊक नव्हती.

यशोदाने मला सोलापुरात नवी पेठेतून घेतलं. चिंचोळी एमआयडीसीत ती शाळेच्या गणवेशांना कॉलर लावते. तिथं फळ्यावर दर तासाचं टार्गेट लिहिलेलं असतं. तरी एक जानेवारीला ती घरीही यादी करायची. पहिल्या वर्षी लिहिलं, 'बारा महिने, बारा रुमाल.' संक्रांतीपर्यंत दीड रुमाल झाला. उरलेला अर्धा माझ्यात अडकून दिवाळीपर्यंत राहिला. दुसऱ्या वर्षी 'सहा अभ्रे'. त्यांचं कापडसुद्धा घरात आलं नाही.

तिचा नवरा धनाजी म्हणायचा, "दिवसभर टार्गेट, घरी आल्यावर बी टार्गेट? जरा टेक की."

"तितलं कंपनीचं, हितलं माझं."

असं म्हणून ती चार टाके घालायची, उठायची, कुकर बघायची, परत बसायची. माणसं मला मांडीवर घेतात आणि बघतात घड्याळाकडे. मला हे कोडं कधी सुटलं नाही.

यंदाची यादी अर्धी लिहून झाली होती, तेवढ्यात मंगळवेढ्याहून तिच्या आईचा, मथुराबाईंचा फोन आला.

"डोळ्यात काचबिंदू हाय म्हनत्यात. गेलेली नजर परत येत न्हाय. उरल्याली बी लई दिस टिकायची न्हाय."

मथुराबाई कसुती भरायच्या. कापडावर छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही, नुसते धागे मोजून टाका. त्यांनी इरकलीच्या पदरावर भरलेलं गोपूर आसपास कुणालाच जमत नव्हतं. 'यंदा शिकते' असं यशोदा दर वर्षी म्हणायची. तिने ती यादी फाडली आणि नव्या कागदावर एकच ओळ लिहिली, 'आईकडून गोपूर शिकायचं.'

तरी जानेवारी निसटलाच. ऑर्डर घाईची, रविवारीही ड्युटी. मी पिशवीत तयार होते. रोज सकाळी ती पिशवी उचलायची आणि परत खुंटीला अडकवायची. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मात्र कारखान्याची बस येऊन उभी राहिली, आणि यशोदा तीत चढली नाही. पिशवी काखेत मारून ती एसटी स्टँडवर गेली.

मंगळवेढ्यात ओसरीवर बसून मथुराबाई धागे सांगायच्या, यशोदा टाके घालायची. मग मथुराबाई मला जवळ ओढून कापडावरून बोट फिरवायच्या.

"हात लई घाईत हाय गं तुजा. ह्या वळीत एक धागा जास्ती उचललास. उसव."

"आई, दिसतंय तुला?"

"धुकं दिसतंय. टाका बोटाला कळतोय. उसव की."

तीन ओळी घालायच्या, दोन उसवायच्या. पहिल्याच दिवशी दुपार कलली तेव्हा यशोदाने चिडून मला खाली आपटलं.

"मला न्हाय जमायचं!"

"मग जाऊ दे माज्यासंगट," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या.

 यशोदाने मला परत उचललं.

तिने रविवारच्या ड्युटीला नकार दिला. सुपरवायझर चिडला, तरी ती बधली नाही. दर रविवारी आम्ही एसटीत. श्रावणात गोपुराचा कळस भरून झाला. तोवर मथुराबाईंना नुसता उजेड आणि अंधार कळत होता.

यशोदाने स्क्रू सैल केला, कापड काढून आईच्या मांडीवर ठेवलं. कसुतीत गाठ चालत नाही, मागची बाजू हुबेहूब पुढच्यासारखी उतरावी लागते. मथुराबाईंनी बोटं फिरवली. कापड उलटलं, पुन्हा फिरवली. पुन्हा उलटलं.

"यशे," मथुराबाई गोंधळून म्हणाल्या, "ह्याची सुलटी बाजू कंची गं?"

यशोदाने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

आज गुरुवार. मी मंगळवेढ्यात ओसरीवरच्या कोनाड्यात रिकामी पडले आहे. रविवारी तुळशीवृंदावनाची नक्षी भरायला घ्यायचं ठरलंय आणि मला दम धरवत नाही. मथुराबाईही सकाळपासून दोनदा मला चाचपून गेल्या. तुम्हीही दर नव्या वर्षी याद्या करत असाल. करा. पण शिकवणारं माणूस अजून हयात असेल, तर या रिंगेची एवढी विनवणी ऐका. यादी राहू द्या, आधी एसटी पकडा.