अडतीसचा आकडा

मित्रांनो, परळच्या एका रुग्णालयातला मी एक थकलेला वायुमापक आहे. सुई न टोचता रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजणे हे माझे काम. कातडीवर चिकटवलेली माझी चकती किंचित तापते, कातडीतून झिरपणारा वायू तिच्यात जमतो. त्यातून मी न दिसणारा प्रकाश सोडतो. वायू त्यातला काही गिळतो. उरलेल्यावरून मी आकडा सांगतो.

गिरण्यांच्या संपाला चार वर्षे झाली तेव्हा मी इथे आलो. काम सुटले होते, तरी कापसाची धूळ कामगारांच्या छातीतच राहिली होती.

घोडपदेवचे बुधाजी त्यांपैकीच. पंचवीस वर्षे कापूस पिंजण्याच्या खात्यात काढलेली. चकती लावताच ते धापा टाकत म्हणाले, "गिरणीचा पास गेला, आता हा बिल्ला! खात्यातल्या जॉबर मुकादमासारखा डोळा ठेवून असतो बघा."

निरोगी माणसाचा आकडा चाळीसच्या आसपास असतो. त्या सकाळी त्यांचा अठ्ठावन्न होता. दुपारी भेटीच्या वेळी त्यांच्या पत्नी, कमळाबाई, आल्या. नवऱ्याची छाती घरघरताना पाहून त्यांनी खोबरेल तेलात कापूर घालून ती मायेने चोळली. माझी ऊब एकाच जागी फार वेळ राहिली, तर कातडी भाजते. म्हणून थोड्या वेळाने वॉर्डबॉयने चकती हलवली आणि नेमकी त्या तेलावर बसवली. ती नीट चिकटली नाही. आत बाहेरची हवा शिरली आणि वायू पातळ झाला.

मी अडतीस सांगितला.

"छान! उद्या घरी सोडा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मला ओरडता येत नव्हते.

शैला सिस्टर मात्र थांबल्या. "बुधाजी! अहो बुधाजी, डोळे उघडा!"

"झोपू द्या हो सिस्टर," कमळाबाई म्हणाल्या. "किती दिवसांनी डोळा लागलाय."

"मावशी, ही झोप मला बरी वाटत नाही. रक्तात हा वायू साचला की अशी गुंगी येते."

त्यांनी चकती उचलली. बोटांना तेल लागले.

"तेल लावलंत?"

"लावलं गं बाय. काय चुकलं का माझं?"

"तुमचं नाही. आम्हीच सांगायला हवं होतं."

त्यांनी कातडी स्पिरिटने पुसली आणि मला पुन्हा बसवले. आकडा हळूहळू चढत बहात्तरवर गेला. डॉक्टर धावत परतले. बुधाजींना श्वास देणारे यंत्र लावले गेले. नवव्या दिवशी ते जिना उतरून घरी गेले. जाताना मला म्हणाले, "जॉबर, तूपण फसलास की रे!"

पुढे शैला सिस्टरांची बदली झाली. रोज सकाळी माझे माप तपासण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे ठरावीक प्रमाण असलेल्या वायूची एक छोटी नळकांडी होती. ती संपली, कोणी भरली नाही. मी आकडे सांगतच राहिलो. ते खरे की खोटे, मलाही कळेना. अखेर मला कोठीत ठेवले. माझ्या आकड्यांवरची काच धुरकटली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची निगा राखा, त्याचे माप रोज तपासा. पण आकडा कितीही छान आला, तरी खाटेवरच्या माणसाला एकदा नावाने हाक मारून पाहा. त्या दुपारी बुधाजी वाचले, ते त्या हाकेमुळे. मी तर अडतीसच म्हणत होतो.