माझे तास कुणी धरत नाही

मित्रांनो, मला पंख नाहीत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे फसवणूक झाली असं वाटायला नको. वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेतला मी जुना सिम्युलेटर आहे, म्हणजे जमिनीवर उभं राहून उडण्याचं सोंग करणारं यंत्र. माझं नाक तेवढं खऱ्या विमानाचं, तेही भंगारातून आणलेलं. नाकाच्या मागे प्लायवूड, वायरी आणि खाली तीन पाय. हे पाय हलले की आत बसलेल्याला वाटतं, आपण वादळात सापडलो. बाहेर उभ्या असलेल्याला वाटतं, एखादं कपाट शिंकतंय.

माझी जोडणी पूर्ण झाली त्या दिवशी कारागिराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "याच्यात बसून कुणी मरणार नाही." मला ते कौतुक वाटलं. ती माझी तक्रारही ठरू शकते, हे तेव्हा सुचलं नाही.

सुरुवातीची वर्षं थाटाची होती. माझ्यात बसायला मुलं रांग लावायची. मी त्यांना धुकं दिलं, बर्फ दिला, इंजिनाला आग लावून दिली, समोरून बदकांचा थवा सोडला. समुद्रात बुडालो आणि कोरडा बाहेर आलो. आपटलो की पडदा लाल व्हायचा. मग आमचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते एक बटण दाबायचे आणि नुकतेच मेलेले विद्यार्थी उठून चहा प्यायला जायचे.

मग एके दिवशी समोरच्या मैदानावर ते आलं. पिवळं. दोन माणसांचं, खरंखुरं, उडणारं विमान.

मत्सर वाईट असतो हे मलाही कळतं, मित्रांनो. पण तुम्ही एकदा त्याचे लाड बघा. सकाळी अंघोळ. दुपारी ऊन लागू नये म्हणून पांघरूण. जरा खोकलं की मेकॅनिक धावत येऊन त्याच्या पोटाला कान लावणार. जावई मुक्कामाला आल्यासारखी सगळी सरबराई. माझ्या अंगावर मात्र लोक ओले रेनकोट वाळत घालायचे.

तेही मी गिळलं असतं. पण नियम बदलला. पूर्वी प्रवासी विमानाच्या कंपनीत नोकरीला लागायचं तर अडीचशे तास उडालेलं असलं की चालायचं. आता दीड हजार तास हवेत, त्याशिवाय कंपनी अर्जाकडे बघत नाही. आणि हे तास खऱ्या विमानातलेच. माझ्यातले धरतात ते तोंडी लावण्यापुरते.

या नियमात जी सापडली तिला आमच्याकडे धाकटी म्हणतात. तिची मोठी बहीण याच शाळेतून शिकून कंपनीत गेली, म्हणून ही आल्या दिवसापासून सगळ्यांची धाकटी.

"ताईला अडीचशे तासांत घेतलं, मास्तर," ती माझ्या पायरीवर बसून म्हणाली. "आणि मला दीड हजार. का, तर मी उशिरा जन्मले."

"मग लवकर जन्मायचं होतंस."

"ती घरी आली की आई म्हणते, बस बाई, दमली असशील. अहो, ती कामावर बसूनच असते."

मास्तर हसले नाहीत. त्यांनाही एक थोरला भाऊ आहे.

"बरं, निदान याच्यातले तास तरी धरा," धाकटी म्हणाली. "परवा मी याच्यात दोनदा जळाले."

"इथलं जळणं चालत नाही. वर जाऊन ये."

ती वर गेली. तास भरायचे तर पोटापाण्याचं काहीतरी धरून सतत उडत राहावं लागतं. धाकटीने शाळेतच नव्या मुलांना शिकवायचं काम घेतलं. उरलेल्या वेळात ती पिवळ्याच्या शेपटीला गादीच्या दुकानाचं लांबलचक कापड बांधून गावावर घिरट्या घालायची. 'निवांत झोपा' असं त्यावर लिहिलेलं असे, आणि पिवळ्याचं इंजिन असं केकाटायचं की गावात दुपारची झोप कुणालाच मिळायची नाही. गाद्या मात्र खपल्या.

मी खिडकीतून बघायचो आणि आतल्या आत जळायचो. काय होत होतं त्या तासांत? आभाळ निरभ्र, वारा मवाळ. धावपट्टीला वळसा, पुन्हा वळसा. सगळे वळसे डावीकडे, कारण वैमानिक डावीकडे बसतो आणि त्या बाजूने त्याला धावपट्टी नीट दिसते. गादीचं कापडही डावीकडूनच फिरायचं. काही म्हणजे काही न घडलेला तो तास पुरा धरायचे. मी एका तासात आग, धुकं आणि बदकं देणार, तो तास मात्र हवेत विरून जाणार.

अखेर दीड हजार भरले. कंपनीने धाकटीला परीक्षेला बोलावलं. ही परीक्षा कशात घेतात ठाऊक आहे? सिम्युलेटरमध्ये. हे ऐकून माझी छाती प्लायवूडची असूनही फुगली. मग कळलं, कंपनीचा सिम्युलेटर नवाकोरा आहे आणि त्याला सहा पाय आहेत. सहा पाय झुरळालाही असतात.

चार दिवसांनी धाकटी परत आली, ती सरळ पायरीवर येऊन बसली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"उतरत होते. शेवटच्या क्षणी म्हणाले, उतरू नकोस, वर घे आणि उजवीकडे वळ. मी डावीकडे वळले."

"मग?"

"डोंगर होता."

मास्तर खाली तिच्या शेजारी बसले. "त्यांनी उजवीकडे सांगितलं ना?"

"मला ऐकू आलं, मास्तर. हातांना नाही आलं."

कंपनी आणखी एक संधी देणार होती, महिन्याभराने. तीही गेली तर पुढची दोन वर्षं दार बंद.

मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, घ्या, अजून पाजा त्या पिवळ्याला तेल.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं आटोपलं की धाकटी माझ्यात येऊन बसू लागली. मास्तर मागे उभे राहायचे. उजवीकडे डोंगर ठेवला की ती बरोबर डावीकडे वळायची. डावीकडे ठेवला की थेट त्याच्यात. मी जमतील तितके डोंगर उभे केले आणि ती त्यातल्या प्रत्येकाला भेटून आली.

एकदा पडदा लाल झाला आणि मास्तर बाहेर फोनवर होते. तिने बटण दाबलंच नाही. लाल उजेडात बसून ती रडली. चांगली हुंदके देऊन, नाक पुसत. मी माझे पाय जराही हलवले नाहीत. एरवी असल्या वेळी मी कुरकुरतो.

मग तिनेच युक्ती काढली. वळायच्या आधी मोठ्याने विचारायचं, "कुठे?" मास्तर मागून सांगायचे, "उजवीकडे," आणि मगच तिने हात हलवायचे. पुढे ती स्वतःच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. मास्तरांनी मुद्दाम घाई केली, ओरडले, मध्येच आग लावली.

"कुठे?" धाकटी शांतपणे विचारायची.

"अगं जळतंय सगळं."

"जळू दे. कुठे?"

महिन्याने ती त्या सहापायीत बसून पास झाली.

निरोप घ्यायला ती कंपनीच्या गणवेशात आली. आल्या आल्या पिवळ्याकडे गेली. त्याच्या पंखाला टेकून, हसून फोटो काढला. मग मेकॅनिकबरोबर एक. मग पिवळ्याच्या नाकावर हात ठेवून एक. माझ्या वायरी तापल्या.

"आणि याच्याबरोबर?" मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"नको."

"का गं? तारलं यानेच की."

"याच्यात मी रडलेय, मास्तर. तिथला फोटो काढून लोकांना काय दाखवू?"

मग ती आत आली आणि दार ओढून घेतलं. पडदा बंद होता, पाय बंद होते, कुठेच जायचं नव्हतं. जरा वेळ नुसती बसली. जाताना तिने सीटवरची धूळ रुमालाने पुसली, गणवेशाला लागू नये म्हणून आधी पुसायला हवी होती, पण ती नंतर पुसली.

तर मित्रांनो, तुमच्याकडेही असं काहीतरी असेल, ज्याच्यापाशी तुम्ही हवं तितकं चुकलात आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. एखादी पाटी, सायकल, नाहीतर आत्या. त्यांची अधूनमधून काळजी घ्या. पाटी पुसा, सायकलला तेलपाणी करा, आत्याला फोन करा. आणि धाकटीचा तो पिवळ्याबरोबरचा फोटो शाळेत लावणार असाल, तर कृपा करून माझ्या समोरच्या भिंतीवर लावू नका.