आत्या सोपं, आई कठीण

मी एक आरसा आहे, राहीच्या लग्नातला. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला एका कौलारू घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर सध्या माझा मुक्काम आहे. माझी गोष्ट मोठी नाही. त्यात एक मूल आहे, दोन बायका आहेत, तीन अर्ज आहेत आणि बराचसा मत्सर आहे. तो मत्सर माझाही होता, म्हणून मला तो नीट सांगता येईल.

माझी काच बोटीतून आली. कुठून, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते काशीराम सुताराच्या हातातलं फणसाचं पिवळं लाकूड. त्याने चौकट केली, मागे पातळ फळी बसवली आणि चार बारीक खिळे ठोकले. चौथा खिळा वाकडा गेला. "मागची बाजू कोण बघतंय," असं म्हणून त्याने तो तसाच ठेवला.

राही लांज्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत, दोन लुगड्यांच्या घडीत मी होतो. नवरा हरिश्चंद्र, बोटींच्या कंपनीत कारकून. घरात त्याची बहीण दमयंती. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, मग शिकून मुलींच्या शाळेत मास्तरीण झालेली. ती माझ्यासमोरून जाताना मान फिरवून जायची. विधवेने आरशात बघायचं नाही, हे तिला कुणीतरी फार लहानपणी पक्कं शिकवलं होतं.

राही मात्र माझीच होती. सकाळी वेणी घालायला, कुंकू लावायला ती माझ्याकडे यायची. गजरा घातला की दोनदा यायची. मग १९२६ साली चिमा झाली, आणि राही मला विसरली. कुंकू ती न बघताच लावायला लागली. बोट बरोबर कपाळाच्या मधोमध जायचं. माझा पहिला मत्सर तो, पाळण्यातल्या मुलीचा.

चिमा तीन वर्षांची असताना तिला ताप आला. अकरा दिवस राहिला आणि जाताना कान घेऊन गेला. पुढे जे चार शब्द ती बोलायची तेही विरून गेले. मग घरातली माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली. मुद्दाम नव्हे. ऐकूच येत नाही तिला, बोलून काय उपयोग, असं एकेकाला वाटत गेलं. राही तिला हाताने धरून जेवायला बसवायची, हाताने धरून न्हाऊ घालायची. तोंडाने काही नाही.

चिमा सहा वर्षांची झाली, तेव्हा दमयंतीने कुठल्याशा मासिकात वाचलं की, बहिऱ्या मुलांना ओठ बघून बोलायला शिकवता येतं. त्याला आरसा लागतो, असंही त्यात होतं. ती राहीकडे आली.

"वहिनी, तुझा आरसा दुपारचा देशील?"

राहीने मला खिळ्यावरून काढलं आणि काही न विचारता तिच्या हातात दिलं.

पडवीत उजेडाकडे तोंड करून आत्या आणि भाची माझ्यासमोर शेजारी शेजारी बसल्या. चिमाला बघायला शिकवताना दमयंतीला स्वतःकडे बघावंच लागलं. पहिल्या दिवशी ती दचकली. तिच्या कानशिलाजवळ दोन पांढरे केस होते. ते तिला माहीत नव्हते.

शिकवणं असं चालायचं. दमयंती ओठ मिटून 'प' म्हणायची, चिमाचा तळहात स्वतःच्या तोंडापुढे धरायची. मग मला चिमाच्या तोंडाशी आणायची. 'प' बरोबर निघाला की माझ्या काचेवर वाफेचा गोल ठिपका उठायचा. 'म' साठी मी नाकाखाली. आवाज घशातून येतोय का, ते बघायला चिमा एक हात आत्याच्या गळ्यावर ठेवी आणि दुसरा स्वतःच्या. चार महिने नुसते ठिपके. तेवढ्या दिवसांत मी राहीला पुरता विसरलो. मी दमयंतीचा झालो.

मग एका दुपारी चिमाने माझ्यात दमयंतीच्या तोंडाकडे रोखून पाहिलं, जीभ दातांना लावली आणि म्हणाली, "आत्ता." पुन्हा म्हणाली, "आत्या." दमयंती हलली नाही. तिचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. पोरीचं लक्ष ओठांवरून उडेल, ही भीती.

राही आत बांगडे साफ करत होती. ती दारात आली. हाताला खवले चिकटलेले.

"काय म्हणाली ती?"

"आत्या म्हणाली, वहिनी."

"मला काय म्हणते?"

दमयंतीने चिमाच्या केसांवरून हात फिरवला. "आई कठीण आहे. त्यात ओठ मिटत नाहीत, जीभ दाताला लागत नाही. डोळ्यांनी पकडायला काहीच नाही. वेळ लागेल."

"आत्या सोपं, आणि आई कठीण?" राही म्हणाली आणि आत गेली.

त्या क्षणी तिचा चेहरा मी पूर्ण पाहिला. मला तो ओळखीचा वाटला. मला चेहरा असता, तर पाळण्याकडे बघताना माझा तसाच झाला असता.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर दमयंतीने अर्ज करायचं ठरवलं. मासिक वाचून जेवढं येतं तेवढं संपलं होतं. चिमाला शब्द येत होते, पण आवाज सपाट निघे, आणि तो कसा चढवायचा उतरवायचा ते दमयंतीला ठाऊक नव्हतं. मुक्याबहिऱ्यांच्या शिक्षकांना तयार करणारे वर्ग तीन ठिकाणी असल्याचं तिने शोधून काढलं. एक मुंबईत, एक कलकत्त्यात, एक मद्रासेकडे. हरिश्चंद्राने कचेरीच्या टाइपरायटरवर अर्ज टाइप करून आणले. सोबत शाळेचा दाखला, डॉक्टरचं पत्र, दोन प्रतिष्ठित गृहस्थांची चारित्र्याबद्दलची शिफारस. हे काम का करावंसं वाटतं, याचं उत्तर अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं. ते तिने सात वेळा लिहिलं. पडवीत, माझ्यासमोर.

कलकत्त्याहून आलेल्या माहितीपत्रात एक फोटो होता. वर्गाचा. भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा, समोर दहा मुलं. दमयंती तो फोटो रोज बघायची. मी तिच्या मांडीवर असायचो आणि ती त्याच्याकडे बघायची. मला त्या भिंतीचा राग यायचा.

मद्रासेकडून आधी उत्तर आलं. त्यांच्याकडे बायकांची राहायची सोय नव्हती. मग नुसतं वाट बघणं. पाडव्याच्या चार दिवस आधी, दमयंती शाळेत असताना, पोस्टमनने एक लांबट लिफाफा राहीच्या हातात दिला. राहीला इंग्रजी येत नव्हतं. तिला एवढंच कळलं की, ज्याची वाट बघतात ते हे. ती बराच वेळ लिफाफा धरून उभी राहिली. मग तिने मला पालथं घातलं, वाकडा खिळा विळीच्या टोकाने उचकटला, फळी वर केली, आणि लिफाफा माझ्या पाठीशी सरकवून दिला.

मी खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. आत काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नव्हतं. पण ती आता कुठे जात नाही, ती माझ्यासमोरच बसणार, हे मला राहीइतकंच हवं होतं.

दमयंती रोज शाळेतून आल्यावर विचारायची, "काही आलं?" राही म्हणायची, "नाय, वन्सं."

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. ते हरिश्चंद्राच्या कचेरीच्या पत्त्यावर आलं, म्हणून राहीच्या हाती न लागता दमयंतीपर्यंत पोचलं. त्याने ते पडवीत मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. जागा मिळाली होती. मुदत एक वर्ष. आणि शाळेतच मुलांसाठी वसतिगृह असल्याने शिक्षिकेला आपल्या भाचीला विद्यार्थिनी म्हणून आणता येईल.

"म्हणजे चिमा माझ्याबरोबर येईल," दमयंती म्हणाली. "कलकत्त्याने नाकारलंच असणार. मी उद्या होकार कळवते, दादा."

राही भाकरी भाजत होती. तिची एक भाकरी करपली. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, वर्ग चालू असताना ती पडवीत आली, मला दमयंतीच्या हातातून घेतलं आणि तिच्यासमोरच वाकडा खिळा काढला.

"हे तुमचं आहे. मी लपवलं."

दमयंतीने लिफाफा बघितला. "कधी आलं हे?"

"पाडव्याच्या आधी."

"मी रोज विचारत होते तुला."

"होय."

"आणि आज का देतेस?"

राही खाली बसली. "आत काय आहे ते मला ठाऊक नाय. पण मुंबईचं खरं झालं तर माझी पोर जाते. यात काही वेगळं असेल, म्हणून देते. चांगुलपणाने देत नाय, वन्सं. घाबरून देते."

दमयंतीने पत्र फोडलं. तिला पुरेसं इंग्रजी येत होतं. कलकत्त्यानेही जागा दिली होती. दोन वर्षांचा वर्ग, विद्यावेतन, राहायची सोय मुख्याध्यापिकेच्या घरी. बरोबर मूल आणायची परवानगी नव्हती. होकार तारेने कळवायचा होता, आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ती राहीशी एक शब्द बोलली नाही. मग आली. चिमा दोघींच्या मध्ये बसली होती, एकदा हिच्या ओठांकडे, एकदा तिच्या ओठांकडे बघत.

"वहिनी, मला एक सांगायचंय," दमयंती म्हणाली. "आई कठीण आहे हे खरं. पण मी तो शब्द मागेही ठेवला. आत्या म्हणाली ते मला फार गोड लागलं. म्हटलं, अजून थोडे दिवस."

राहीने मान वर केली नाही. "मला वाटलंच होतं."

"मुंबईत वर्षभर शिकले तर मी चिमाला शिकवू शकेन. कलकत्त्यात दोन वर्षं शिकले तर चिमासारख्या कुणालाही शिकवू शकेन. इथे जवळ मिरकरवाड्यातच तशी दोन पोरं आहेत. पण चिमाची ही दोन वर्षं वाया गेली, तर पुन्हा मिळायची नाहीत."

"मग तुम्ही कलकत्त्याला जा. हिला मी शिकवते."

"तुला येतं?"

"नाय. तुम्हाला निघायला अजून किती दिवस आहेत?"

अठरा दिवस होते. तार गेली, मुंबईला नकाराचं पत्र गेलं, आणि अठरा दिवस दमयंतीने राहीला शिकवलं. पहिलं शिकवणं हे की तोंडावर पदर घ्यायचा नाही. बोलताना खाली बघायचं नाही. उजेड आपल्या तोंडावर पडू द्यायचा, पाठीवर नव्हे. राही लाजायची. सहा वर्षांत ती स्वतःच्या मुलीशी जेवढी बोलली नव्हती, तेवढी त्या अठरा दिवसांत माझ्यासमोर बोलली. एप्रिलच्या अखेरीस, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी, दमयंती धक्क्यावरून गेली. मला तिने नेलं नाही. न्यायचा विचारही तिच्या मनात आला नसावा.

मी रुसलो होतो. पण राहीचं काम थांबलं नाही. तिला पद्धत फारशी येत नव्हती. ती चिमाला काचेवरची वाफ दाखवायची आणि मग आधणात तांदूळ वैरताना, कोकमाची सोलं वाळत घालताना, विहिरीवर, सगळीकडे तिच्याकडे तोंड करून बोलत राहायची. अडीच महिन्यांनी चिमाने तोंड आ केलं, मग ओठ ताणायचा प्रयत्न केला, आणि शेवट नीट जमला नाही. "आय," ती म्हणाली.

राहीने दुरुस्त केलं नाही. "आमच्या गावाकडे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि मला पदराने पुसलं. काच आधीच स्वच्छ होती.

१९३५ साली दमयंती परत आली. तिच्याकडे प्रमाणपत्र होतं आणि बोलण्यात नवी शिस्त. चिमा धावत गेली, बिलगली. मग दमयंतीने तिला समोर उभं केलं आणि शिकून आल्याप्रमाणे ओठ मोठे उघडून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तू, मला, विसरली, नाहीस, ना?"

चिमाने दोनदा बघितलं. तिला कळलं नाही. तिने वळून राहीकडे पाहिलं.

राही नेहमीसारखी, भराभरा म्हणाली, "आत्या विचारते, विसरलीस काय गो तिला?"

चिमा हसली. "नाय," ती म्हणाली. राहीकडे बघूनच.

मी भिंतीवर होतो. मला दमयंतीचा चेहरा दिसला. तोच चेहरा, दारात खवल्यांचे हात घेऊन उभा राहिलेला. फक्त माणूस दुसरं होतं.

राहीनेही तो बघितला. तिला तर तो आतून ठाऊक. तिने पदर तोंडावर ओढून घेतला, दोघींकडे पाठ केली आणि चुलीकडे गेली. आता चिमाला बघायला आत्याखेरीज कुणाचे ओठ उरले नव्हते. हळूहळू ती तिकडे वळली. दमयंतीनेही मग साधंच, घरचं बोलून विचारलं.

मला ते जमलं नसतं. मी पाठ फिरवली नसती.

आता १९३८ आहे. पडवीत दमयंतीचा वर्ग भरतो. सात मुलं, त्यातली तीन मिरकरवाड्याची. गेल्या वर्षी मुंबईहून माणसाच्या उंचीचा आरसा आला आणि समोरच्या भिंतीवर लागला. माझा पारा खालच्या कोपऱ्यातून उडायला लागलाय. मी राहीच्या कुंकवापुरता उरलोय, आणि ती अजूनही बहुतेक न बघताच लावते.

चिमा बारा वर्षांची आहे. लहान मुलांना 'प' तीच शिकवते, त्या मोठ्या आरशासमोर. माझ्या खिळ्यावरून मला दारातून तिची पाठ तेवढी दिसते. पाठीवरून कुणी काय बोलतंय, ते आरशाला कळत नाही. चिमालाही कळलं नसतं.

माझं फार मागणं नाही. मला पडवीत न्या, असं मी म्हणत नाही, तिथली जागा गेली. हा खिळा फक्त हातभर डावीकडे ठोका, म्हणजे त्या मोठ्या आरशात मला चिमाचे ओठ दिसतील.